लबाड पट्टी

४ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखायला वेळ लागला नाही, उघडायला मात्र तीन दिवस लागले. तुझी तब्येत बरी आहे असं लिहिलंस, वहिनींचा गुडघा दुखतो असंही लिहिलंस. वाचून जे वाटायला हवं ते वाटलं. मी बरी आहे. सकाळी गुडघे माझेही कुरकुरतात, पण त्यांचं ऐकायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून ते लवकर गप्प बसतात.

तू विचारलंस म्हणून सांगते. हो, आमचं शिक्षण केंद्र कारखान्याच्या जुन्या पॅटर्न शॉपमध्येच आहे. छप्पर नवं घातलंय, भिंती त्याच आहेत. खिडकीपाशी तुझं टेबल होतं तिथे आता संगणकावर चालणारं मिलिंग मशीन बसवलंय. दारामागे माझं टेबल होतं तिथे पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. पोरं तिथे बाटल्या भरतात.

कारखाना बंद पडून बावीस वर्षं झाली. मधल्या काळात इथल्या पोरांना दोनच वाटा होत्या. एक तर लांबच्या शहरात गोदामात खोकी भरायला जायचं, नाहीतर चौकात उभं राहून जाणाऱ्यांना हात करायचा. मग ही नवी कंपनी आली. जुन्या पंपांचे सुटे भाग ती ओतून देते. ओतकामाचे साचे ज्यांच्यावरून पाडतात ते चारशे लाकडी पॅटर्न आपल्या शेडमध्ये धूळ खात पडलेले त्यांना सापडले आणि त्यातला एकही कुणाला वाचता येईना. माणूस शोधत होते. मी गेले. त्यांनी सर्टिफिकेट मागितलं. म्हटलं, सर्टिफिकेट नाही, लाकूड द्या आणि एक तास द्या. तासाभराने त्यांनी मला चहा दिला आणि किल्ली दिली. त्यालाही आता तीन वर्षं होतील.

दर वर्षी वीस जागा असतात. हाताने पॅटर्न करायचा, मग तोच संगणकावर काढायचा, मशीनवर कापायचा, असं वर्षभर शिकवतो. शिकताना थोडे पैसे मिळतात, नंतर नोकरी. पहिल्या दोन तुकड्यांतली बहुतेक पोरं इथेच कामाला लागली. चौघींनी मिळून स्वतःचं वर्कशॉप टाकलंय, बसस्टँडच्या मागे, आणि पाटीवर माझं छायाचित्र लावायचं म्हणत होत्या. मी म्हटलं, गिऱ्हाइकं पळतील.

आता तुझ्या मुद्द्याचं. तुझ्या धाकट्या मुलीचा, टिल्लीचा, अर्ज इथे आलाय. एक मार्चला तिला त्या लांबच्या गोदामात हजर व्हायचंय, त्याआधी इथलं काही जमलं तर बरं, असं तू लिहिलंस. पोरगी डोळ्यांसमोर राहील असंही लिहिलंस. आणि शेवटी, ‘तू बघ जरा.’ छत्तीस वर्षांनी पहिलं पत्र, त्यात ‘तू बघ जरा’. निवड समितीत शेवटची सही माझी असते हे तुला कुणीतरी बरोबर सांगितलंय.

तर मी बघेन. सगळं नियमाप्रमाणे होईल. अर्ज, तब्येतीची तपासणी, मग हातकामाची परीक्षा. निवड झालीच तर पहिल्या दिवशी प्रत्येकाने घरातलं एक जुनं हत्यार घेऊन यायचं असतं, ही मी घातलेली पद्धत आहे. या गावात घरटी एक तरी रंधा किंवा पटाशी माळ्यावर गंजत पडलीय, ती पोरांनी स्वतः खाली काढावी एवढाच हेतू. तुमच्या माळ्यावर काय आहे ते बघून ठेवा.

एका गोष्टीचा उल्लेख तू सबंध पत्रात केला नाहीस. मीही करत नाही.

वहिनींना सांग, गुडघ्याला ऊब द्यावी.

तुझी बहीण


१९ फेब्रुवारी

दादा,

टिल्लीची निवड झाली. वीस जणांत ती दुसरी आली. यादी उद्या फाटकावर लागेल. तुला आधी कळवते, कारण पुढचं वाचल्यावर ही बातमी तुला गोड लागायची नाही.

पहिल्यांदा माझं पाप सांगते. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी मी तिचा अर्ज गठ्ठ्यातून काढला आणि माझ्या खालच्या खणात टाकून कुलूप लावलं. मुदत संपेपर्यंत तो तिथेच राहणार होता. मग मी ‘अर्ज सापडत नाही बाई’ म्हटलं असतं आणि विषय संपला असता. ‘सगळं नियमाप्रमाणे होईल’ असं तुला लिहून पाकीट चिकटवलं तेव्हा अर्ज खणातच होता. सहा दिवस मी त्या खणाशेजारून ये-जा करत होते आणि मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, जेवणही दोन घास जास्त जात होतं.

सातव्या दिवशी ती स्वतःच आली. दारात उभी राहून म्हणाली, “मॅडम, माझ्या अर्जाचं काय झालं?” हनुवटी वर, दोन्ही हात कमरेवर. आत्या म्हणाली नाही. म्हणजे घरात माझ्याबद्दल काय सांगितलं असेल ते कळलं, किंवा काहीच सांगितलं नसेल. मी तिला नीट न्याहाळलं आणि माझा बेत बदलला. वाटलं, हिला खणात कोंडण्यात काय गंमत? हिला परीक्षेत पाडू. समोर उभी करून, सगळ्यांदेखत. तुझ्या पोरीच्या हातात काही नाही हे तुला तिच्याच तोंडून कळू दे. म्हणून मी कुलूप उघडलं, अर्ज काढला आणि तिला तब्येतीच्या तपासणीला बसवलं.

तिथे सगळं फिरलं. नर्सबाईंनी तिला मापाच्या खांबाला उभं केलं आणि अर्जाकडे बघितलं.

“पाच फूट साडेतीनच्या वर भरतेय. अर्जात पाच-तीन लिहिलंस.”

“मग तुमचा खांब चुकतोय,” टिल्ली म्हणाली.

“असं कसं चुकेल?”

“अहो, माझे बाबा याच शॉपचे फोरमन होते. दर वाढदिवसाला मला दाराच्या चौकटीला उभं करतात, खूण करतात आणि स्वतःच्या पट्टीने मोजून आकडा लिहितात. मागच्याच महिन्यात मोजलंय. त्यांचं माप चुकत नाही.”

“महिन्यात वाढली असशील.”

“विसाव्या वर्षी? माझं नाव टिल्ली पडलंय घरात, वाढायचं असतं तर मेलं आधी नसते वाढले?”

बाजूच्या टेबलावर मी चहा पीत होते. कप खाली ठेवला. स्टीलची पट्टी आणली, आधी खांब तपासला. खांब बरोबर होता. मग तिला पुन्हा उभं केलं आणि स्वतः मोजलं. पाच फूट तीन इंच, वर पाच सूत. किंचित जास्तच.

पाच फुटांवर पाच सूत, दादा.

तुला समजावून सांगायला नको. तरी सांगते, कारण विसरणं तुला चांगलं जमतं. लोखंड ओतलं की थंड होताना ते आक्रसतं, फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. म्हणून पॅटर्न शॉपमधल्या पट्टीवरचा प्रत्येक फूट एक सूत लांब असतो. आपले बाबा तिला लबाड पट्टी म्हणायचे. कास्टिंगसाठी ती बरोबर, बाकी कुठल्याही कामाला कुचकामी. तिने जे मोजाल ते आहे त्यापेक्षा कमी भरतं. माणूस मोजलात तर माणूसही.

अशी पट्टी कुणाच्या घरी नसते. आणि तुझी स्वतःची तर मोडली होती.

आता बोलतेच. एका कामगाराच्या घरातल्या एकाच मुलाला कायम करायचं, असा तेव्हा नियम होता. आपण दोघं उमेदवार. तू चोवीसचा, मी एकवीसची. बाबांनी दोघांनाही शिकवलं होतं, पण साहेब माझं काम चार लोकांना दाखवायला न्यायचे आणि तू तेव्हा खिडकीतून बाहेर बघत बसायचास. पंपाच्या झाकणाचा पॅटर्न आपण मिळून केला. कापलं मी, मोजून रेघा तू मारल्यास. त्याच आठवड्यात तुझी लबाड पट्टी पायाखाली येऊन मोडली होती. ओरडा बसेल म्हणून तू मशीन खात्यातून साधी पट्टी उचलून आणलीस आणि तिने मोजलंस, हे मला नंतर जुळवावं लागलं. चाळीस झाकणं ओतली गेली आणि चाळीसही लहान निघाली. एकाही झाकणाची भोकं पंपाशी जुळेनात.

साहेबांनी पेट्या उघडायला लावल्या. माझ्या पेटीत साधी पट्टी निघाली. मला समजेचना. माझ्या पट्टीच्या टोकाला माझी खूण होती. बाबांनी तापलेल्या तारेने काढलेली, दोन तिरक्या रेघा आणि मध्ये टिंब. ती पट्टीच पेटीत नव्हती. “तुझी कुठाय?” असं साहेबांनी तुला विचारलं तेव्हा तू हातातली पट्टी वर करून दाखवलीस. टोक मुठीत धरून. ती मूठ मला अजून दिसते. कुणी म्हणालं नाही, मूठ उघड.

मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीवरचा भुसा बघत होते. मला वाटलं, इथे नको, घरी गेल्यावर दादा सांगेल. मग वाटलं, उद्या सांगेल. मग माझा हिशोब करून मला फाटकाबाहेर काढलं आणि तू कायम झालास. महिन्याभराने ‘माझी पट्टी मोडली’ म्हणून तू स्टोअरमधून नवी घेतलीस, हे मला भट्टीवाल्या काकांनी सांगितलं होतं. मग आधीची गेली कुठे? छत्तीस वर्षं हा प्रश्न मी घेऊन फिरत होते. संशय होता, पुरावा नव्हता. तुझ्या पोरीने तो स्वतःच्या अंगावर वाढवून मला आणून दिला.

पुढची तेहतीस वर्षं मी फर्निचरच्या दुकानात खाटांचे पाय आणि कपाटांची दारं बसवली. वरच्या मजल्यावर एक खोली, खाली रंध्याची धूळ. ‘चाळीस झाकणंवाली’ असं मला म्हणायचे, ठाऊक आहे ना? लग्नाचं बोलणं एकदा होत आलं होतं, तेही याच नावापाशी अडलं. तू फोरमन झालास, तुला शेडमध्ये टोपी मिळाली.

आणि हे तुला माहीत नसेल. बाबा एकदा माझ्या दुकानात आले होते, जायच्या आदल्या वर्षी. हातात स्टूल, म्हणे पाय हलतो. मी उलटं करून बघितलं, पाय चांगला घट्ट होता. बराच वेळ बसले. मग म्हणाले, “त्या पॅटर्नवरच्या रेघा मी पाहिल्या होत्या गं. तुझी रेघ हलकी असते. त्या खोल होत्या.” मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, “घरात एकच जागा होती. ती मुलाकडे गेली तर घर चालेल असं वाटलं.” स्टूल घेऊन गेले. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायलाही गेले नाही. त्याचं मला वाईट वाटतं आणि त्याचाही राग मी तुझ्यावरच काढते.

परीक्षेत टिल्लीला पाडायचं होतं ना, ते जमलं नाही. तिची रेघ हलकी आहे. ती रेघ मारताना बघितलं आणि माझा हात थांबला. गुण मी दिलेले नाहीत, तिने घेतलेत.

पण तू सुटलास असं समजू नकोस. परीक्षा झाल्यावर तिने मला हसत हसत सांगितलं की निवड झाली तर पहिल्या दिवशी ती ‘बाबांची पट्टी’ घेऊन येणार आहे. सोमवारी, ३ मार्चला, सकाळी नऊ वाजता. आजपासून बारा दिवस आहेत. तेवढ्यात तू तिला खरं काय ते सांग. सांगितलंस, तर मी पट्टी हातात घेईन, छान आहे म्हणेन आणि परत देईन. नाही सांगितलंस, तर मी तिचं टोक वर करेन आणि खूण कुणाची ते सगळ्यांसमोर वाचेन. भट्टीवाले काका त्या दिवशी मुद्दाम येणार आहेत. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, पण दिसतं चांगलं.

याला तू सूड म्हणशील. म्हण. मीही तेच म्हणते.

बहीण


१२ मार्च

दादा,

तुझं उत्तर कागदावर आलं नाही. पट्टीवर आलं.

सोमवारी सगळे आले. लांब टेबलावर पोरांनी आपापली हत्यारं मांडली. कुणी पटाशी आणली होती, कुणी कंपास, एकाने आजोबांचा चष्मा आणला होता आणि तो हत्यार आहे की नाही यावर वाद झाला. आजोबा त्याच चष्म्याने माप वाचायचे, म्हणून शेवटी तो मान्य केला. टिल्ली सर्वांत शेवटी आली. पट्टी पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली. तिने ती उलगडली आणि मी टोक बघितलं. सबंध पट्टी तेलकट तपकिरी, आणि टोकाचा बोटभर भाग पांढराफटक. ताजं लाकूड.

“बाबांनी परवा दिवसभर बसून घासली,” टिल्ली सगळ्यांना सांगत होती. “एरवी कशाला हात लावत नाहीत. माझ्यासाठी स्वच्छ करून दिली.”

खरं सांगते, त्या क्षणी मला पुन्हा एकवीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं. पेटी उघडलीय आणि आत भलतीच पट्टी आहे. भट्टीवाले काका वाकून ते टोक बघत होते. मग माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. काय वाचणार? वाचायला तू ठेवलंसच काय?

मी नेहमीचा पहिला धडा सुरू केला. प्रत्येकाला स्टीलची पट्टी दिली आणि सांगितलं, घरून आणलेल्या वस्तूवर जे जे माप असेल ते तपासून बघा, कुणावरही विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा. पोरं कामाला लागली. टिल्लीने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकदा बघितलं, पुन्हा ठेवल्या. मग बाजू बदलून ठेवल्या. मी लांबून बघत होते. मला तिला थांबवता आलं असतं.

“मॅडम, ही मोठी आहे.”

“किती?”

“फुटाला एक सूत.” तिने बोटांवर काहीतरी मोजलं. “म्हणजे नर्सबाईंचा खांब बरोबर होता.”

“हो.”

“मग बाबांनी मला हिने का मोजलं? त्यांना माहीत नव्हतं?”

“फोरमनला माहीत नसेल?”

तिने टोकाच्या पांढऱ्या भागावरून अंगठा फिरवला. तुला सांगते दादा, पोरीचे डोळे आपल्या बाबांचे आहेत. “इथे काय होतं?” तिने विचारलं. “मोजताना बाबा हे टोक नेहमी मुठीत धरतात.”

बाकीच्या एकोणीस जणांना चहाला पाठवता आलं असतं. ते माझ्या मनात आलंही. पाठवलं नाही. ‘चाळीस झाकणंवाली’ हे मला शंभर माणसांसमोर म्हटलं गेलं होतं, माझी बाजू निदान वीस तरी ऐकू देत, असं वाटलं. मी सगळं सांगितलं. मोडलेली पट्टी, साधी पट्टी, पेट्या, तुझी मूठ. बाबांचं स्टूलही सांगितलं. ‘एक माणूस होता’ असं म्हणून आडपडदा ठेवला नाही. “तुझे बाबा,” असंच म्हणत गेले. भट्टीवाले काका मध्ये एकदाच बोलले. “मी होतो तिथे. मूठ मीही बघितली होती. बोललो नाही.” आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

टिल्ली रडेल असं मला वाटलं होतं. रडली असती तर मला जिंकल्यासारखं वाटलं असतं की लाज वाटली असती, कोण जाणे. तिने पट्टी फडक्यात गुंडाळली आणि दिवसभर काम केलं. संध्याकाळी जाताना मला म्हणाली, “आत्या, स्टीलची पट्टी एक दिवस घरी नेऊ?” पहिल्यांदाच आत्या म्हणाली. मी नेऊ दिली. नियमात बसत नाही, तरी दिली.

पुढचं तुझ्या घरातलं आहे, तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं तेवढंच लिहिते. तिने चौकटीवरच्या पंधराही खुणा स्टीलच्या पट्टीने पुन्हा मोजल्या. पाचव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत, ज्या वर्षी तिला गोवर झाला ते वर्ष सोडून. तू लिहिलेला एकेक आकडा खोडला आणि शेजारी खरा लिहिला, पक्क्या शाईने. वहिनी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. तू खुर्चीत होतास. एवढ्या वेळात तू एकच वाक्य बोललास म्हणे. “दार खराब होतंय.”

हे ऐकून मी हसले, दादा. एकटीच, नळापाशी, पोटभर हसले. छत्तीस वर्षं मी तुझ्या तोंडून काय ऐकायचं ते मनात रंगवत होते, आणि तुला सुचलं काय, तर दार. आता त्याच दारातून तुला रोज जायचंय यायचंय. ते रंगवून घ्यायचं मनात आलं तर आधी मला कळव, टिल्लीने आकडे वहीतही उतरवून ठेवलेत.

त्यानंतर ती पिशवी घेऊन माझ्याकडे राहायला आली. मी बोलावलं नव्हतं. खरं तर मनातून बोलावलं होतं, ते तिला कसं कळलं कोण जाणे. गोदामाला तिने निवड झाल्यावरच नाही म्हणून कळवलं होतं. माझ्या खोलीत दुसरी खाट मावत नव्हती, म्हणून तिने फळी आडवी टाकून स्वतःच एक केली, आणि पाय हलत नाहीत. वहिनींना सांग, पोरगी वेळेवर जेवते, दुपारी फोन करते म्हणाली आहे. तू पोरगी डोळ्यांसमोर राहावी म्हणून पत्र लिहिलं होतंस. ती राहिली. डोळे माझे आहेत.

तिच्या जागेची तुला काळजी असेल तर ती सोड. ती जागा मी दिली नाही आणि मला काढूनही घेता येत नाही. तुझ्यामाझ्यात काहीही होवो, ती वर्षभर शिकेल आणि काम करेल. हे मी तुझ्यासाठी लिहीत नाही. जागा एकच असली की घरातली माणसं एकमेकांचं काय करतात ते आपण दोघांनी बघितलंय. म्हणून माझ्या शॉपमध्ये मी पोरांना एकमेकांच्या पेट्या उघडायला बंदी केलीय आणि चूक झाली तर ज्याने केली त्याने त्याच दिवशी फळ्यावर स्वतः लिहायचं, असं ठरवलंय. आतापर्यंत सगळ्यात जास्त चुका फळ्यावर माझ्याच आहेत. परवा टिल्लीने तिची पहिली लिहिली. वर मोठ्याने वाचूनही दाखवली, कुणी न सांगता.

आता शेवटचं. पट्टी माझ्याकडे आहे. कामाला वापरतो, लबाड असली तरी कास्टिंगसाठी तीच लागते. टोकाचा घासलेला भाग तसाच आहे. टिल्ली रोज विचारते, “तुझी खूण कशी होती आत्या? सांग, मी पुन्हा काढते.” तार तापवून तयार असते तिची. मी सांगितलेलं नाही. म्हटलं, ज्याने घासली त्याला विचार. ती खूण नेमकी ठाऊक असलेली जिवंत माणसं आता दोनच, एक मी आणि एक तू, आणि तू तर दहा-बारा दिवसांपूर्वीच दिवसभर तिच्याकडे बघत बसला होतास.

म्हणून सोबत एक कोरं कार्ड पाठवते. पेन्सिलही पाठवते, घरात नाही म्हणशील. त्यावर माझी खूण काढ. मोठी काढ. खाली लिही ती कुणाची होती आणि तुझ्याकडे कशी आली. सही कर आणि पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. सोमवारी नऊ वाजता वीसही जण असतात, तुझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवते. तू वाचून दाखवलंस की टिल्ली ती खूण पट्टीवर उतरवेल. मग घरी यायचं की नाही ते ती ठरवेल. मी तिला काही सांगणार नाही, ना ये म्हणून, ना जा म्हणून. नाही आलास तर पुढच्या सोमवारी खुर्ची पुन्हा मांडेन. त्याच्या पुढच्या सोमवारीही. मला घाई नाही, मी छत्तीस वर्षं थांबलेय. टोकाची जागा तोवर पांढरीच राहील, आणि येणारी प्रत्येक तुकडी विचारेल, इथे काय होतं.

लहानपणी तुला चिठ्ठी लिहिली की मी खाली नाव लिहायची नाही, खूणच काढायची. तुला आठवत असेल. म्हणून आज सहीची जागा मोकळी सोडते. ती तू भरायची आहेस.

तुझी